कॅमेरा बघतोय खरं, वरडतोय कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यापारी आणि कारखानदारांनी दुकानाबाहेर, शेडबाहेर सीसीटीव्ही कॅमेरे लावावेत, म्हणजे चोऱ्यांना आळा बसेल, असं आवाहन आपल्या अंकात वाचलं. आवाहनात चूक काही नाही. पण वाचून मला आधी हसू आलं आणि मग थोडा राग आला. माझ्या शेडला बाहेरून चार कॅमेरे होते आणि गेल्या पावसाळ्यात त्या चौघांच्या डोळ्यांदेखत चोरी झाली. चारही चालू होते. निदान मी तसं समजत होतो.

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात माझं छोटं मशीन शॉप आहे. वडिलांनी एका जुन्या लेथवर ऑइल इंजिनचे सुटे भाग करायला सुरुवात केली. आज एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशिन), तीन लेथ, एक रेडियल ड्रिल आणि नऊ माणसं एवढा पसारा आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, त्याला मशीनिंग करून आम्ही शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना पाठवतो. उद्यमनगर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, माझ्या भागात एका शेडची भिंत दुसऱ्या शेडला खेटून असते, मागं बोळ असतो आणि त्या बोळात भर दुपारीही उजेड कमीच.

चार वर्षांपूर्वी मी कॅमेरे बसवले. चार बुलेट कॅमेरे, डीव्हीआर (म्हणजे चित्रण साठवणारं खोकं), एक टीबीची हार्डडिस्क, केबल आणि मजुरी धरून बावीस हजार. बसवणाऱ्या पोरानं अर्ध्या दिवसात काम उरकलं, माझ्या मोबाइलवर चित्र दाखवलं, चहा घेतला आणि गेला. मी इतका खूश झालो की त्याच महिन्यात रात्रीचा वॉचमन बंद केला. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. बारा वर्षं ते माझ्याकडं रात्रीला होते. महिन्याचे नऊ हजार वाचणार, म्हणजे अडीच महिन्यांत कॅमेऱ्याचे पैसे वसूल, असा माझा हिशेब. जाताना मामांनी एवढंच विचारलं, "मालक, कॅमेरा बघतोय खरं, वरडतोय कुठं?" (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.) मी ते हसण्यावारी नेलं.

आषाढातली रात्र होती, पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. सकाळी पहिला कामगार आला तर मागच्या बाजूचा पत्रा उचकटलेला. वेल्डिंगच्या दोन्ही तांब्याच्या केबली गेल्या, गनमेटलचे तयार बुश साठेक किलो गेले, तीन एचपीची मोटर गेली आणि लेथवर धातू कापायच्या कार्बाइड टिप्सचा डबा गेला. सगळं मिळून दीड लाखाच्या आसपास. टिप्सचा डबा दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढाच, पण किमतीत मोटारीला मागं टाकणारा. चोराला काय उचलायचं ते नेमकं ठाऊक होतं. का ठाऊक होतं, यावर मी अजून रात्री विचार करतो, पण तो विषय इथं नको.

खरं सांगायचं तर त्या सकाळी मी फारसा घाबरलो नव्हतो. कॅमेरे होते ना! केबिनमधला टीव्ही लावला, चहा मागवला. शेजारचे चार-पाच शेडवाले आले, कामगार दारात दाटीनं उभे राहिले. मॅच बघायला बसावं तसे आम्ही बसलो.

पहिला कॅमेरा गेटवरचा. पोरानं तो चौदा फुटांवर, पार पत्र्याच्या खाली बसवला होता. "वरनं सगळं कव्हर होतंय मालक." खरोखरच सगळं कव्हर होत होतं: गल्ली, समोरची इमारत, इमारतीवरचं आभाळ. स्क्रीनवर दोन वाजून दहा मिनिटांनी त्यात एक माणूस आला. डोक्यावर पोत्याची खोळ. चौदा फुटांवरून आम्हाला खोळीचं टोक दिसलं, खाली दोन पाय दिसले. आषाढात कोल्हापुरात खोळ घेतलेली माणसं किती, याची मोजदाद कोण करणार?

दुसरा कॅमेरा बोळातला. तिथं नुसतं पांढरं धुकं. रात्री हे कॅमेरे लेन्सभोवतीच्या इन्फ्रारेड दिव्यांवर बघतात. ते दिवे आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत, पण उबेला आणि उजेडाला किडे जमतात आणि किड्यांच्या मागं कोळी येतो. त्यानं लेन्ससमोर जाळं विणलं की दिव्याचा उजेड बोटभर अंतरावरच्या त्या जाळ्यावरून उलटा लेन्समध्ये येतो आणि पलीकडचं जग पुसून जातं. दिवसा तेच जाळं दिसतसुद्धा नाही. मी मोबाइलवर कॅमेरे बघायचो ते दिवसा, जेवता जेवता. रात्री अकराला कोण बघतं?

तिसरा कॅमेरा म्हणजे जिथं पत्रा उचकटला तिथलाच. तो रात्री काळा. संध्याकाळी सात-साडेसातला बंद आणि सकाळी उजाडलं की सुरू, असं मागं जाऊन बघितलं तर साठवलेले सहाही दिवस तेच! आमच्या वायरमननं नंतर मीटर लावून कारण दाखवलं. कॅमेऱ्याला बारा व्होल्ट लागतात, ते पुढच्या केबिनमधल्या एसएमपीएसवरून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरून, बारीक तारेनं सत्तर मीटर मागं नेलेले. दिवसा कॅमेऱ्याशी साडेअकराच्या आसपास व्होल्ट पोचत होते, तेवढ्यावर तो चालायचा. अंधार पडून इन्फ्रारेड दिवे लागले की करंट वाढायचा, तारेतच व्होल्ट मरायचे, कॅमेऱ्यापाशी दहासुद्धा उरायचे नाहीत आणि तो मान टाकायचा. म्हणजे माझा मागचा राखणदार दिवसपाळीचा होता. माझ्याच धंद्यातला हा साधा हिशेब. लांबच्या मोटारीला बारीक केबल टाकली तर मी माणसाला शिव्या घातल्या असत्या, कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र मी बघितलंही नाही.

चौथा कोपऱ्यावरचा. त्यात एक छोटा टेम्पो आला, थांबला, गेला. सगळे पुढं सरकले. नंबर पाटीच्या जागी पांढरा चौकोन! आताच्या पाट्या उजेड परतवणाऱ्या असतात. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड तिच्यावर पडला की ती आरशासारखी झगमगते आणि आकडे त्यात विरघळून जातात. टेम्पोचा रंगही कळला नाही, कारण इन्फ्रारेडमध्ये रात्रीचं चित्र काळं-पांढरंच असतं.

नऊच्या सुमारास हवालदार साहेब आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. "मालक, ही वेळ बरोबर आहे का?" मोबाइलवर नऊ वाजून पाच मिनिटं, टीव्हीवर सव्वासात. डीव्हीआरच्या आतलं बटनासारखं सेल केव्हाच संपलं होतं. लाइट गेली की घड्याळ थांबायचं, आली की थांबलं तिथून पुढं चालायचं. उद्यमनगरात पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. म्हणजे आमची 'दोन वाजून दहा'ची चोरी प्रत्यक्षात पहाटे चारला झाली होती. फरक किती पडतो बघा. दोन वाजता गल्लीत चिटपाखरू नसतं. चारला दूधवाले सायकली काढतात आणि पेपर टाकणारी पोरं कोपऱ्यावर गठ्ठे सोडत बसतात, संपादक महाशय, त्यात आपल्या पेपरचाही गठ्ठा असतो. कुणाकडं चौकशी करायची ते पूर्ण बदललं. त्या हवालदार साहेबांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्या सकाळी शेडमध्ये धड विचार करणारा तो एकच माणूस होता.

आता जे सांगतो ते छापावं की नाही याचा मी बराच विचार केला. तो खोळवाल्याचा व्हिडिओ मी मोबाइलनं टीव्हीवरून उतरवून घेतला आणि आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. 'कुणाला ओळख पटते का' एवढंच लिहिलं. दहा मिनिटांत एकानं लिहिलं, चाल तर अमक्याची वाटते. अमका म्हणजे आमच्या गल्लीत हातगाडीवरून भंगार गोळा करणारा वीस-बावीस वर्षांचा पोरगा. दुसऱ्यानं लिहिलं, मला पण तसंच वाटलं. बारा वाजेपर्यंत चौघांनी त्याची गाडी अडवली, गचांडी धरली, गाडीतलं भंगार रस्त्यावर उलटं केलं. तो रात्रभर आईजवळ सीपीआर या सरकारी दवाखान्यात बसून होता. पोलिसांनी तासाभरात खात्री करून त्याला सोडलं. टोकदार खोळ आणि दोन पाय एवढ्यावरून आम्हाला त्याची 'चाल' कळली होती! मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, माफी मागितली. "असू दे साहेब," म्हणाला. पण आमच्या गल्लीत त्याची गाडी परत फिरकली नाही. माझे दीड लाख विम्यातून निम्मेशिम्मे परत आले. या गोष्टीचं काही परत आलं नाही.

तेव्हापासून मी हा विषय हातात घेऊन बसलोय. घरात म्हणतात, ह्यांना आता सीएनसीपेक्षा कॅमेऱ्यातलं जास्त कळतं. तसं नाही, पण थोडं कळायला लागलंय ते लिहितो, कारण आपल्या आवाहनात नेमकं तेच नव्हतं.

कॅमेऱ्यानं काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं. कोणीतरी आलं एवढं कळायला हवं, की कोण आलं ते कळायला हवं? ही दोन वेगळी कामं आहेत. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यावा यासाठी चित्रात रुंदीच्या दर मीटरमागं २५० पिक्सेल (ठिपके) हवेत असं २०१४ चं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. आधी पाहिलेला माणूस ओळखायला १२५ चालतात, नुसतं कोणीतरी आहे हे कळायला २५ पुरतात. आपल्याकडं सर्रास लागतो तो दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा रुंदीत १९२० पिक्सेल देतो. भागाकार करा: चेहरा हवा असेल तर त्या कॅमेऱ्याला साडेसात मीटरच्या वर रुंदी दाखवायची नाही. माझा गेटवरचा कॅमेरा पंचवीस मीटर गल्ली दाखवत होता, म्हणजे मीटरला ७७. माणसाच्या चेहऱ्याच्या वाट्याला बारा पिक्सेल. बारा ठिपक्यांत नाक कुठं आणि मिशी कुठं? आम्ही शॉपवाले फूटपट्टीनं बेअरिंगचा बोअर मोजत नाही, मायक्रोमीटर काढतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र सगळ्या गल्लीला एकच फूटपट्टी लावून मोकळे होतो.

म्हणून आता माझ्या गेटवर दोन कॅमेरे आहेत. एक वरचा, गल्ली बघणारा. दुसरा साडेसात फुटांवर, कुलपाशी वाकणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर, लांबच्या लेन्सचा, ज्याला गेटच्या रुंदीपलीकडं काही दिसत नाही आणि दिसायला नकोही. खाली असला की कुणी फिरवेल, फोडेल ही भीती खरी आहे, म्हणून तो वरच्या कॅमेऱ्याच्या नजरेत ठेवलाय. पाटीसाठी तिसरा, कोपऱ्यावर, टेम्पो जिथं वळताना हळू होतो तिथं, अगदी अरुंद नजरेचा, शटर वेगवान करून घेतलेला. त्यात बाकी चित्र रात्री जवळजवळ काळंच दिसतं, पाटी तेवढी वाचता येते. त्याचं काम तेवढंच.

सगळ्यात जास्त फायदा मात्र कॅमेऱ्यानं केला नाही, दिव्यानं केला. गेटवर आणि बोळात वीस-वीस वॅटचे एलईडी लावले. रात्रभर बारा तास जळला तर एक दिवा पाव युनिटही खात नाही, महिन्याला सात युनिटं. इन्फ्रारेड बंद केल्यावर कोळ्यालाही लेन्सपाशी काम उरलं नाही, तो आता दिव्यापाशी बसतो. चित्र रंगीत येतं. आणि उजेडात पत्रा उचकटायला माणूस दहा वेळा विचार करतो, हे वेगळंच.

हार्डडिस्कचं गणित कुणीच सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या रेकॉर्डिंगमध्ये एक कॅमेरा दिवसाला चाळीसेक जीबी खातो. चार कॅमेऱ्यांनी एक टीबीची डिस्क सहा दिवसांत भरते आणि सातव्या दिवशी डीव्हीआर मुकाट्यानं पहिल्या दिवसावर लिहायला लागतो. पोलिसांनी पलीकडच्या शेडचं फुटेज मागितलं ते आठव्या दिवशी. तोवर चोरीची रात्र पुसून त्यावर पुढची एक रात्र लिहून झाली होती. चोर आधी कधीतरी टेहळणीला आला असेल तर तो आठवडा-पंधरा दिवस आधी आला असणार, ते तर मिळायची आशाच सोडा. मी आता तीस दिवसांची सोय केली आहे. नवीन पद्धतीच्या रेकॉर्डिंगला जागाही निम्मी लागते.

माझा डीव्हीआर केबिनमध्ये टेबलावर होता, गणपतीच्या फोटोखाली, आल्या-गेल्याला दिसेल असा. चोरानं तो उचलला नाही हे माझं नशीब, की त्यात काही नाही हे त्याला आधीच कळलं होतं, देव जाणे. मेहुण्याचं दुकान शाहूपुरीत, व्यापारी पेठेत आहे. २०१९ च्या महापुरात त्याचा डीव्हीआर काउंटरखालीच बुडाला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पूर आला की महावितरण त्या भागाची लाइट बंद करतं, ते योग्यच आहे. पण दुकानं रिकामी, माणसं छावणीत आणि नेमके तेव्हाच कॅमेरे मेलेले, हा आपल्या गावाचा हिशेब कंपनीच्या माहितीपत्रकात नसतो. लाइट चोरही घालवतो. गल्लीतल्या एका शेडला बाहेरच्या मीटर पेटीतला स्विच खाली ओढून मगच शटरला हात घातला होता. आता माझा डीव्हीआर माळ्यावरच्या कुलूपबंद पेटीत आहे आणि त्याला यूपीएस आहे.

पासवर्डबद्दल लिहायला लाज वाटते. चार वर्षं तो कारखान्यातून आला तोच होता. बसवणाऱ्या पोराच्या मोबाइलवर माझे कॅमेरे त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या कॅमेऱ्यांसोबत तेव्हापासून चालूच होते. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मला तर तो विसरूनही गेला होता. पण २०१६ साली जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर असल्याच कारखान्यातल्या पासवर्डमुळे हॅकरांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइटी बंद पाडल्या गेल्या, हे वाचलं तेव्हा मी जेवण सोडून पासवर्ड बदलला. एप्रिल २०२५ पासून आपल्याकडं कॅमेऱ्यांना सरकारमान्य प्रयोगशाळेतली सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे. घेताना ते विचारा. स्वस्तातलं जुनं पडलेलं खोकं दुकानदार पुढं करतो, ते घेऊ नका.

समोरच्या इमारतीतल्या काकूंची तक्रारही इथंच सांगून टाकतो. माझा वरचा कॅमेरा त्यांच्या गॅलरीत डोकावत होता, चार वर्षं. त्या कधी बोलल्या नाहीत, चोरीनंतर नवे कॅमेरे लागताना खाली येऊन म्हणाल्या, "अहो, आता तरी आमचं वाळत घातलेलं दाखवू नका." डीव्हीआरमध्ये चित्राचा तेवढा तुकडा काळा करायची सोय असते. दोन मिनिटांचं काम. माझा माल राखायचा म्हणून त्यांच्या गॅलरीवर पहारा ठेवायचा हक्क मला कुणी दिलेला नाही.

कोर्टाचा भाग वकील मित्राकडून समजून घेतला. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणं फुटेजच्या प्रतीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र द्यावं लागतं: एक ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं. त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं असतं, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा म्हणा. पूर्वी हेच ६५-ब म्हणून ओळखलं जायचं. जालन्याच्या निवडणूक खटल्यात निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरूनच वाद झाला आणि जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ यंत्र कोर्टापुढं आणलं नसेल तर हे प्रमाणपत्र लागतंच. तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरून बारीक झालेला, टीव्हीवरून मोबाइलनं उतरवलेला माझा तो व्हिडिओ कोर्टात कुठं उभा राहिला असता? गल्लीत एका निरपराध पोराला उभं करायला तो पुरला, एवढंच. चोरी झाल्यावर पहिल्या तासात डीव्हीआरचं घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक कागदावर लिहून ठेवा, सहीनिशी. डीव्हीआरला बाकी कुणाचा हात लागू देऊ नका आणि ग्रुपवर काही टाकू नका. माझ्याकडून उलटं झालं म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो.

आता माझी विनंती. पोलिसांनी आणि आमच्या उद्योजकांच्या, व्यापाऱ्यांच्या संघटनांनी 'कॅमेरे लावा' हे सांगून खूप झालं. उद्यमनगरात, लक्ष्मीपुरीत, गुजरीत, महाद्वार रोडला कॅमेरा नसलेलं दुकान शोधावं लागेल. लावलेले कॅमेरे रात्री काय बघतात ते एकदा तपासा. एखाद्या रात्री बिटाच्या हवालदारानं गल्लीतून चालत जावं आणि सकाळी प्रत्येक मालकाला विचारावं, मी किती वाजता तुमच्या गेटसमोर होतो आणि माझ्या हातात काय होतं? किती जणांना सांगता येईल ते मला बघायचंय. पैजेवर सांगतो, दहातल्या दोघांना. आणि कॅमेरे बसवून घेणाऱ्यांनी बिलावर लिहून घ्यावं की रेकॉर्डिंग किती दिवस राहणार, रात्रीचं चित्र दाखवल्याशिवाय शेवटचे पैसे मिळणार नाहीत. मी दुसऱ्यांदा तसंच केलं. पोरगा कुरकुरला, पण रात्री साडेआठला आला, आणि तेव्हा लक्षात आलं की एक कॅमेरा गेटच्या दिव्यानं दिपतोय. दिवसा ते कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आपल्याकडं दर अमावस्येला शेडमध्ये पूजा असते. मशिनला हळदकुंकू, गेटवर नारळ फुटतो, लिंबू-मिरची बदलली जाते. आम्ही आता त्याच संध्याकाळी कॅमेऱ्यांचंही करतो. ओल्या फडक्यानं काच पुसायची, जाळी काढायची, घड्याळ जुळवायचं, पंधरा दिवसांपूर्वीची एखादी रात्र उघडून बघायची. अंधार पडला की एकानं डोक्यावर खोळ घेऊन बोळातून गेटपर्यंत यायचं आणि बाकीच्यांनी टीव्हीवर त्याला ओळखायचं. पोरांना त्याची मजा वाटते. नवीन हेल्परला पहिल्या महिन्यात चोर व्हावंच लागतं.

मामा परत आले आहेत, अकरा हजारांवर. मी बोलवायला गेलो तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याचं नावही काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. आता बोळात रात्री माणूस हलला की त्यांच्या मोबाइलवर घंटी वाजते. पहिले चार दिवस मांजरानं आणि पावसानं त्यांना झोपू दिलं नाही. मग फक्त माणसालाच ओळखेल असं सेटिंग करून घेतलं. परवा अमावस्येला चोराची पाळी त्यांची होती. खोळ घेऊन आले, गेटसमोर थांबले, खालच्या कॅमेऱ्याकडं बघत निवांत तंबाखू मळली. टीव्हीवर मिशी दिसली, कपाळावरचा बुक्का दिसला, चुन्याच्या डबीचा हिरवा रंगसुद्धा दिसला. मग त्यांनी आमच्याकडं तोंड करून जोरात हाळी दिली. ती मात्र आम्हाला टीव्हीवरून नाही, थेट गल्लीतूनच ऐकू आली.

पत्र फार लांबलं, क्षमा असावी. माझं नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर जोडला आहे, तो कृपया छापू नये. कुठला कॅमेरा कुठं आहे आणि डीव्हीआर कुठं ठेवलाय हे सगळं मी वर सांगून बसलोय.

आपला,
एक मशीन शॉपवाला,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर